अनुक्रमांक सदतीस

जप्त वाळूच्या ट्रॅक्टरचं चाक : पस्तीस.
खोटी मापं, तागडीसकट : छत्तीस.
पाषाणमूर्ती, पुरुष, मांडी घातलेली,
नाक भंगलेलं, उजवा कान नाही : सदतीस.
खाली साहेबांची सही, आणि बारीक अक्षरात
'कोणाची ते ठरायचे आहे.'

मी इराबत्ती मल्लेशम.
अठ्ठावीस वर्षं पूर्व भागात माग चालवला.
टॉवेल, चादरी, पुन्हा टॉवेल.
कारखाना मोडीत निघाला तेव्हा
माग भंगारवाल्यानं नेले, वजनावर.
खटखट नाही नेली कुणी,
ती माझ्या कानात राहिली.
बायको बोलते, मी तिच्या तोंडाकडे बघून उत्तर देतो.
अशा माणसाला राखणदार ठेवलं
सरकारी गोदामावर, रात्रपाळीला.
चोर आला तर ऐकू येणार नाही
हे लिहायला अर्जात जागा नव्हती.

पहिल्या रात्री पाठमोरा दिसला.
वाटलं, कुणी आत कोंडलं गेलंय.
'कोण ए?' ओरडलो,
माझा मलाच आवाज नीट आला नाही.
बॅटरी मारली.
काळ्या दगडाची पाठ, तीत कण्याची रेघ
चांगल्या ताण्यासारखी :
सैल नाही,
तुटायच्या बेतातही नाही.

दिवसा माणसं येत.
कुणी म्हणालं तीर्थंकर, छातीवरची खूण झिजलीय.
कुणी म्हणालं आमच्या शिवेवरचा म्हसोबा,
गुडघ्यावरचा शेंदूर दाखवला.
निळी टोपी घातलेले एक म्हातारे आले,
काही म्हणालेच नाहीत,
चपला बाहेर काढून तासभर उभे राहिले.
पुण्याच्या एक बाई भिंगातून
खांद्यावरच्या चीवराची चुणी बघत बसल्या.
'बुद्ध. ध्यानमुद्रा,' त्या म्हणाल्या.
साहेबांनी मान हलवली, कागद पुढे गेला.
कागद अजून पुढेच आहे.

त्या चुणीवर मीही रात्री बोट फिरवलं.
कापड कळतं मला.
हातमागाचं होतं,
धुऊन धुऊन मऊ पडलेलं.
कुणी विणलं असेल?
मजुरी वेळेवर मिळाली असेल का त्याला?

मे महिन्यात नागरबाई आली,
सीनेकाठच्या गावाहून, दोन एसट्या बदलून.
तिच्या विहिरीच्या थारोळ्याशी बसायचा हा,
सासूच्या सासूपासून.
'खुरपाय लागले की पोर ह्याच्या मांडीत ठेवायची.
धाकटी तर तिथंच बसाय शिकली.'
हे मी तिच्या ओठांवरनं वाचलं.
तिनं त्याचे हात बघितले,
एकावर एक तळवे, मधे खळगा.
खळग्यात बोट घातलं, पदराला पुसलं.
'कोरडं ठाक केलंय की वो.
पावसाचं साचायचं हितं. व्हले प्यायचे.'
फडक्यातली कडक भाकरी, वर शेंगाचटणी,
मला दिली.
त्याच्यापुढं काही ठेवलं नाही.
'त्याला कुठं लागतंय,' म्हणाली,
आणि साडेचारची गाडी धरायला निघाली.

तेव्हापासून
बाटलीतलं पाणी रात्री त्या खळग्यात ओततो.
पंचनाम्यात पाण्याची नोंद नाही.
व्हले इथं येत नाहीत, खिडकीला जाळी आहे.
एक पाल येते.
सकाळी हातात ओल तेवढी उरते,
सोलापूरचा उन्हाळा.

मी समोर पोतं टाकून बसतो.
त्याचा उजवा कान गेलेला, माझाही उजवाच.
ध्यानबिन मला येत नाही.
खटखट चालूच असते.
पण कधीतरी, तीनच्या सुमाराला,
धागा तुटल्यावर माग जसा आपोआप थांबतो
तसं होतं.
तेवढंच.
आणि माझा हात सवयीनं पुढे जातो,
गाठ मारायला.